बॉक्समधली लोकर

राघू बाजारपेठेच्या अरुंद गल्लीत खड्ड्यावर वाकून पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी फिरवत होता, तेव्हा त्याच्या पाठीमागून वरातीचा पिकअप गेला. सकाळची वेळ होती. वरात आदल्या दिवशीच संपलेली असणार. गाडी स्पीकर परत करायला निघाली होती, आणि ड्रायव्हरनं डोळ्यावर झापड येऊ नये म्हणून की काय, एकच बॉक्स चालू ठेवला होता. गाणं असं नव्हतंच. नुसता खालचा दणका. तो आधी राघूच्या हातातल्या लोखंडी चावीत आला, तिथून मनगटात, कोपरात, आणि मग पाठीच्या कण्यात शिरून तिथं जरा थांबला. कानानं ऐकू आला तो त्याच्यानंतर. त्या जराशा वेळात राघूच्या पाठीला बानूची पाठ लागलेली होती. आठवण आली असं नव्हे. आठवण येते तेव्हा माणसाला कळतं की आठवण येते आहे. हे तसं नव्हतं. पाठ लागलेली होती, मणका मणक्याला, आणि ती आत गुणगुणत होती. पिकअप वळणावरून गेला आणि पाठ सुटली. राघू चावी धरून तसाच उभा राहिला. व्हॉल्व्ह किती उघडला याचं भान राहिलं नाही, कुठल्याशा जुन्या जोडातून पाणी उसळून गल्लीभर झालं, आणि एक बाई दारातून म्हणाली, "भाऊ, आज गंगा आणली का काय दारात?" त्यानं चावी उलटी फिरवली. हसूही आलं त्याला. बानू जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षात त्याला बानू स्वप्नात दिसली होती, फोटोत रोज दिसत होती, पण लागली नव्हती कधी.

धनगरांच्या वाड्यावर भिंत नसते. माळावर मेंढरं बसवायची, तीन दगडांची चूल मांडायची, घोड्यावरचं बिऱ्हाड खाली उतरवायचं, झाला वाडा. दिवसभर चालून पाठ भरून येते आणि टेकायला तर काही नसतं, म्हणून माणसंच एकमेकांना टेकून बसतात, पाठीला पाठ लावून. बानू अशा वाड्यावर वाढलेली. तिचे भाऊ अजून मेंढरं घेऊन आंबेगावच्या पूर्वेकडून निघतात आणि घाट उतरून कोकणात जातात. राघूच्या बापानं मात्र मेंढरं विकून जुन्नरच्या कडेला तुकडा घेतला होता, आणि राघू नगरपालिकेत पाणी सोडायला लागला. लग्न होऊन बानू लेण्याद्रीच्या वाटेवरच्या दोन खोल्यांत आली तेव्हा तिला चार भिंती मिळाल्या, पण तिची सवय काही गेली नाही. दुपारी हातातलं आवरलं की ती सूत काढायची चाती आणि लोकर घेऊन खोलीच्या मधोमध बसायची, भिंतीपासून लांब, आणि राघू ड्युटीवरून आला की त्याला म्हणायची, "टेका." मग तो तिच्या पाठीला पाठ लावून बसायचा. ती सूत काढताना तोंड मिटून गुणगुणायची. तिचा आवाज जाड होता, बाप्यासारखा. लग्नात बायकांनी नाव घ्यायला लावलं तेव्हा मांडवात हशा पिकला होता, आणि त्यानंतर ती चारचौघांत गायली म्हणून नाही. पण त्या दुपारी ती गुणगुणायची ते कानाला जेमतेम लागायचं, सगळं पाठीतूनच यायचं. राघूला त्याचं कधी काही विशेष वाटलं नव्हतं. तो टेकून पेपर वाचायचा, कधी डुलकी काढायचा. रोज येणाऱ्या पाण्याचं कोण काय म्हणतं? येतं, भरून ठेवायचं.

आता त्याला भीती होती ती एवढीच, की अंग विसरत चाललं आहे. बानूचं तोंड विसरायची भीती नव्हती, फोटो होता. तिचं बोलणंही त्याला आठवे, शब्दान्‌शब्द. पण पाठीतलं ते गुणगुणणं महिन्यामागून महिना विरत होतं, आणि त्याला ते थांबवता येत नव्हतं. तिचा आवाज कुणी भरून ठेवलेला नव्हता. फोन समोर धरला की ती पदर तोंडाला लावून उठून जायची. भाचीनं, नूतननं एकदा चोरून प्रयत्न केला होता. त्यात नुसती चातीची घरघर आली. ते एका परीनं बरंच झालं, असं राघूला वाटे. फोनच्या चिमुकल्या जाळीतून तिचा आवाज आला असता तर सायीसारखा वरचा पापुद्रा तेवढा आला असता आणि मग त्याच्या ध्यानात तोच बसला असता. पण त्या दिवशी पिकअपनं जे केलं ते काही तरी वेगळं होतं. म्हणजे अंग पार विसरलेलं नव्हतं. त्याला खालून धक्का लागत होता. चावी खांद्यावर टाकून तो एसटी स्टँडच्या मागं पप्पूच्या दुकानात गेला. पप्पू लग्नाला, जत्रेला साउंड भाड्यानं देतो. राघूनं विचारलं की नुसता खालचा आवाज काढणारा बॉक्स घरी बनवता येतो का. पप्पूनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, मिरवणुकीत उतरताय काय या वयात?" राघू म्हणाला, घरातच लावायचा आहे. कशाला, ते त्यानं सांगितलं नाही आणि पप्पूनंही पुन्हा विचारलं नाही. माळ्यावरून एक जुना वूफर काढला, जेवणाच्या ताटाएवढा, कडेचं रबर नवं बसवलेला. तो उलटा धरून मागचं चुंबक दाखवलं, मधल्या काळ्या कागदावर दोन बोटांनी हलकेच दाबलं. कागद आत गेला आणि बाहेर आला, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. "हा उघड्यावर वाजवला तर काय नाय वाजणार. पुढची हवा मागं, मागची पुढं, सगळं फिटंफिट. याला खोली बांधून द्यायची. आन् गळती नको काका. गळती असली की बेस गेला."

गळती हा शब्द ऐकल्यावर राघूला हायसं वाटलं. हे काम आपलं आहे, असं वाटलं. जमिनीखाली नळ कुठं फुटला ते शोधायला त्याच्याकडे एक लांब गज आहे. एक टोक पाइपावर टेकवायचं आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं. फुटलेल्या जागी पाणी शूं करतं, चांगल्या जागी नुसतं वाहतं. ते कानात येत नाही, हाडात येतं. बानूला त्याच्या या कामाचं मोठं नवल होतं. एकदा तिनं तो गज त्याच्या छातीला लावून ऐकलं होतं आणि गंभीर तोंड करून सांगितलं होतं की हितं कुटंच फुटलेलं न्हाई. भरत सुतारानं पप्पूच्या मापानं जाड प्लायच्या फळ्या कापून दिल्या, पुढच्या फळीला गोल भोक पाडून दिलं. पुढचं राघूनं घरी केलं, दुपारच्या वेळात, खोलीच्या मधोमध बसून. कडांना गोंद लावायचा, फळी फळीला भिडवायची, दोरीनं आवळायची, स्क्रू पिळायचे, बाहेर आलेला गोंद बोटानं आतल्या कोपऱ्यात सारवायचा. उद्या दुसरी फळी. घाई नव्हती. हाताला काम लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की या वर्षात आपण हातानं फक्त चावी फिरवली, भाकरी मोडली आणि हात जोडले. शेवटची फळी बसल्यावर त्यानं भोकावर पाटा ठेवला, कपाटातली उदबत्ती पेटवली आणि सांध्यांवरून फिरवली, कुठं धूर आत ओढला जातो का बघायला. कुठं ओढला गेला नाही. मग रिकाम्या बॉक्सवर हात आपटला. भरदार वाजला, पण पाठीमागं एक झणका राहिला, भांड्यासारखा. पप्पू फोनवर म्हणाला, आतून काही तरी मऊ लावा, उशीतला कापूस, जुनी गोधडी, काही पण.

मऊ म्हटल्यावर राघूची नजर कॉटखाली गेली. कॉटखाली लोकरीचं पोतं होतं. मागच्या कातरणीला भावांनी बानूला जावळ पाठवलं होतं. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर, सगळ्यात मऊ. ती तिनं निवडली, धुतली, उन्हात सुकवली, कमानीनं पिंजली. एवढं झालं आणि छातीचं दुखणं निघालं. सूत काढायचं राहिलं. तिच्या थोरल्या बहिणीनं, गोजरबाईनं, दिवस झाल्यावर त्या पोत्याची आठवण काढली होती. त्यांच्या वाड्यावर असं मानायचे की बाईचं अर्धं राहिलेलं हातकाम दुसऱ्या बाईनं पुरं करायचं, ते तसं ठेवायचं नाही. राघू तेव्हा बघू म्हणाला. दिवाळीला तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला की उंदरानं बरीच नासली. ते खोटं होतं. रोज नाही, पण मधून मधून तो पोत्याचं तोंड सोडून हात आत घालून बसे. लोकरीला आता कसरही लागायला लागली होती. उघडलं की बारीक पतंग उडत. ठेवली तर जाणार, दिली तरी जाणार. आणि आता समोर ही पेटी होती, गळती नसलेली, जिच्यात धूरसुद्धा शिरत नव्हता. वर्षश्राद्धाला गोजरबाई येणारच होती. राघूनं जरा विचार केला असेल-नसेल. लोकर अंगणात पसरली, दोन दिवस उन्हं दिली, झटकली, आणि गोल भोकातून मुठी मुठी आत सारली. बानूनं पिंजलेली एक मूठही बाहेर ठेवायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. जागा उरेना तेव्हा दाबून बसवली, उशी भरतात तशी. वर वूफर ठेवला, स्क्रू आवळले. पोतं झटकून घडी करून ठेवलं. त्याला इतकं शांत वाटलं की तो तिथंच जमिनीवर लवंडला, आणि मग त्याला लेण्याद्रीचं लेणं दिसायला लागलं.

लग्नाच्या नव्यात ते दोघं लेण्याद्रीला गेले होते. पायऱ्या चढून दर्शन घेतल्यावर राघूनं तिला बाजूचं रिकामं लेणं दाखवलं. आत कुणी नव्हतं. दगड कोरून पोकळी केलेली, गार. बानू चपला हातात धरून उभी राहिली आणि आपसूक गुणगुणली, तोंड मिटून. लेण्यानं ते उचललं. कुठून येतंय ते कळेना, तिच्यातून की भिंतीतून की आपल्या पायाखालून. ती दचकून थांबली तरी जरा वेळ येत राहिलं. मग ती त्याच्याकडं वळून म्हणाली होती, "ह्याला न्हाई हसू आलं." एवढंच. पुढं कधी तिनं तो विषय काढला नाही. आता जमिनीवर पडल्या पडल्या राघूला वाटलं की ज्या कुणी ते लेणं कोरलं त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. त्यांना काय ठाऊक, एक जाड आवाजाची धनगराची पोर तिथं येणार आहे. त्यांनी पोकळी करून ठेवली. त्याला असे उपकार एकामागून एक आठवू लागले. तिच्या बापाचे, ज्यानं पाणी सोडणाऱ्याला पोरगी दिली. मांडवात हसलेल्या बायकांचेसुद्धा, कारण त्या हसल्या म्हणून तो आवाज घरात राहिला, एकट्याला मिळाला.

वर्षश्राद्ध झालं. गोजरबाई एक दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पप्पू अँप्लिफायर घेऊन आला, वायरी जोडल्या, आणि गाणं लावू की काय लावू म्हणाला. राघू म्हणाला, गाणं नको. तेव्हा पप्पूनं फोनवरून नुसता सूर सोडला, तपासणीचा, एकसुरी, जो खालून हळूहळू वर चढतो. बॉक्स काही बोलला नाही. पप्पूनं आवाज वाढवला. आत कुणीतरी गोधडीत तोंड घालून कण्हतं आहे, असं काहीसं आलं. "काका, याला दमा झालाय. आत काय भरलंय?" पप्पू वाकून स्क्रू काढायला लागला, आणि गोजरबाई भाकरीच्या पिठाचे हात पुसत येऊन उभी राहिली. वूफर उचलला तशी लोकर भोकातून फुगून बाहेर आली, पांढरी, दाबून ठेवलेली, आपसूक. गोजरबाईनं खाली बसून चिमूटभर लोकर तोडली, बोटांत धरून ताणली, तिचे तंतू उजेडात पाहिले. पिंजणी कुणाची ते तिला सांगावं लागलं नाही.

"उंदीर लईच हुशार निघालं, पावणं," ती म्हणाली. "पेटीत भरून वर झाकणबी लावलं."

पप्पू हसला आणि मग हसायचं होतं की नाही ते न कळून वायरी बघायला लागला. राघूला वाटलं होतं की लाज वाटेल. पण गोजरबाईच्या आवाजात राग नव्हता. ती बानूपेक्षा थोरली. तिनं बानूला कडेवर घेऊन माळ तुडवले होते. राघू एवढंच म्हणाला, "आक्का, मला द्यायला जमंना." ती म्हणाली, "ते दिसतंयच की." आणि भोकाकडं मान करून म्हणाली, "काढा. गुदमरलंय ते."

त्यानं बाही वर केली आणि भोकात हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. आत ऊब होती. बोटं दिसत नव्हती, नुसती चाचपत होती, धरत होती, हळू ओढत होती. त्याला बानू दिसली, भावाच्या वाड्यावर, अडलेल्या मेंढीपाशी गुडघ्यावर बसलेली. तिचा हात बारीक म्हणून तिलाच बोलवायचे. हाताला गोडंतेल लावून ती डोळे मिटायची आणि तोंड वर करून आतलं कोकरू हातानं बघायची. ओढायचं न्हाई, म्हणायची, ते निघंल तसं घ्यायचं. राघू तसंच घेत गेला. दर थोड्या वेळानं पप्पू वूफर भोकावर दाबून धरे, सूर सोडे, आणि दर वेळी आवाज जरा मोकळा होई, जरा खाली उतरे. गोजरबाई बॉक्सच्या मागच्या बाजूला पाठ लावून बसली होती, भिंत हाताच्या अंतरावर असताना, आणि निघालेली लोकर पदरात घेऊन निवडत होती. ढीग वाढत चालला. दर मुठीला राघूला वाटे, आता बास, एवढी तरी राहू दे. आणि दर मुठीनंतर बॉक्स म्हणे, अजून. शेवटी भिंतींना लागून पातळ थर तेवढा राहिला. तो त्यानं आतल्या आत हातानं सारखा केला. पप्पूनं वूफर बसवला, स्क्रू आवळले, सूर सोडला.

सूर वर चढताना एका जागी राघू म्हणाला, "थांब. हितंच." पप्पूनं तो तिथं धरला. कानाला फारसं काही नव्हतं. कपाटातल्या वाट्या किणकिणल्या. जमिनीतून, बसल्या जागेतून, ते वर आलं आणि राघूच्या कण्यात भरलं. बानू नव्हती त्यात. यंत्राचा सूर होता, न थकणारा, श्वास न घेणारा. बानू मध्येच थांबायची, गुंता सोडवायची, पुन्हा धरायची. हे राघूला लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच त्याचे डोळे भरले. बानू कुठं थांबायची, गुंता सुटल्यावर पुन्हा कशी धरायची, हे त्याच्या पाठीला अजून ठाऊक होतं. यंत्राच्या सुराशेजारी तिचा सूर ठेवून पाठ सांगत होती, हा नव्हे, तो असा. विसरलेली नव्हती पाठ. तिला विचारणारं कुणी नव्हतं, एवढंच. मग त्याला वाटलं, किती वर्षं हे रोज दुपारी, न मागता, टेका म्हणून मिळालं. पेपर वाचताना मिळालं, डुलकी काढताना मिळालं. आपण कधी आभार मानले नाहीत, आणि तिलाही मानून घेतलेले चालले नसते. टेकणाऱ्याचं वजन तिलाही लागत होतं ना. हे आज प्रथमच त्याच्या मनात आलं, की तीही टेकलेली होती.

"पाठीला गोड लागतंय," गोजरबाई डोळे मिटून म्हणाली. पप्पूनं सूर बंद केला आणि चहा होईल का विचारलं.

चहा झाल्यावर गोजरबाईनं लोकर फडक्यात बांधली. राघू बघत बसला. गाठ मारताना तिनं विचारलं, आत किती राहिली. भिंतींना लावली तेवढीच, तो म्हणाला. ती पुरं म्हणाली. मग हात थांबवून त्याच्याकडं न बघता सांगायला लागली, की या एवढ्यात घोंगडी निघायची नाही, तिच्या घरची लोकर मिसळावी लागेल, सूत एकत्रच निघेल. "मंग कुटली तिची आन् कुटली माजी, ते मलाबी सांगता यायचं न्हाई, पावणं. आत्ताच बोलून ठिवते. पुन्यांदा म्हनाल, आक्कानं मोडली."

राघूनं लोकरीच्या गाठोड्याकडं पाहिलं.

"नाय आली वळखू तरी चालंल," तो म्हणाला.

म्हटल्यावर त्याला स्वतःलाच जरा नवल वाटलं, पण शब्द मागं घ्यावेसे वाटले नाहीत. तिची घोडेगावची एसटी सुटायला वेळ होता. पप्पू मोटरसायकलवर सोडतो म्हणाला, तर ती म्हणाली, मी चालणारी बाई आहे. मग राघूनं गाठोडं उचललं. हलकं होतं, इतकं की उचलल्यासारखं वाटेना. तरी स्टँडपर्यंत त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं, आणि गोजरबाई खिडकीशी बसल्यावर खालून तिच्या मांडीवर दिलं.